जुळवलेल्या मोटारीची निगा व दुरुस्ती : एक अभ्यास

राजा मिलिंद रथात बसून भदंत नागसेनांच्या भेटीस आला, तेव्हा नागसेनांनी त्याला रथाविषयीच प्रश्न विचारला. दांडी म्हणजे रथ काय? आस म्हणजे रथ काय? चाके, साटा, जू, लगाम यांपैकी कोणत्या एका भागास रथ म्हणावे? यांपैकी एकही भाग रथ नव्हे, आणि हे सर्व भाग वगळून वेगळा असा रथही उरत नाही, हे राजाला मान्य करावे लागले. भाग विशिष्ट रीतीने एकत्र आले म्हणजे त्या जुळणीस व्यवहारात ‘रथ’ हे नाव मिळते. संयुत्त निकायात भिक्खुणी वजिरा यांच्या मुखीही हाच दृष्टांत आढळतो. औरंगाबाद येथे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० साली सुरू केलेल्या महाविद्यालयाला मिलिंदाचे नाव मिळाले आणि त्याचा परिसर नागसेनवन म्हणून ओळखला जाऊ लागला. त्यामुळे हा संवाद आपल्या समाजात घराघरांत पोहोचलेला आहे.

हा दृष्टांत आपण सहसा अनात्मवादाच्या विवेचनात ऐकतो. परंतु त्याची एक व्यावहारिक बाजूही आहे. जे जुळवलेले आहे ते सुटणारही आहे, म्हणून त्याची सतत निगा राखावी लागते. ही गोष्ट अक्षरशः शिकवणारी एक विद्या पाश्चात्त्य देशांत, विशेषतः ब्रिटनमध्ये, गेली सहा-सात दशके चालत आली आहे. सुटे भाग आणून स्वतःच्या घरी मोटार जुळवायची आणि पुढे वर्षानुवर्षे ती स्वतःच सांभाळायची, अशी ही विद्या. अशा मोटारीस ‘किट कार’ म्हणतात, आणि एखाद्या प्रसिद्ध जुन्या मोटारीच्या रूपावरून ती बांधलेली असल्यास ‘रेप्लिका’ म्हणजे प्रतिकृती म्हणतात. यंत्रशिक्षणाच्या दृष्टीने, तसेच जबाबदारी या गुणाच्या दृष्टीने या मोटारींच्या निगेचा अभ्यास उपयुक्त आहे, असे वाटल्यावरून प्रस्तुत लेख लिहिला आहे.

पूर्वपीठिका

१९५७ साली कॉलिन चॅपमन यांच्या लोटस कंपनीने ‘सेव्हन’ नावाची एक अत्यंत हलकी, दोन आसनांची, उघडी मोटार बाजारात आणली. ब्रिटनमध्ये त्या काळी तयार मोटारीवर खरेदी कर द्यावा लागे, सुट्या भागांच्या संचावर तो लागत नसे. त्यामुळे अनेकांनी ही मोटार संचरूपाने विकत घेऊन घरी जुळवली. १९७३ साली मूल्यवर्धित कर आला आणि ही सवलत संपुष्टात आली. त्याच वर्षी सेव्हनच्या निर्मितीचे हक्क केटरहॅम कंपनीकडे गेले. मात्र घरी मोटार जुळवण्याची आवड टिकून राहिली. १९९६ साली रॉन चॅम्पियन यांचे एक पुस्तक प्रसिद्ध झाले. त्यात लोखंडी चौकोनी नळ्या कापून, वेल्डिंग करून सेव्हनसारखा सांगाडा घरीच कसा बनवावा आणि त्यावर जुन्या फोर्ड एस्कॉर्टचे इंजिन, गिअरबॉक्स व मागील आस कशी बसवावी, हे सविस्तर दिलेले होते. असंख्य सामान्य लोकांनी या पुस्तकावरून मोटारी बांधल्या.

अमेरिकेत १९६४ साली ब्रूस मायर्स यांनी फोक्सवॅगन बीटलचे यांत्रिक भाग आणि फायबरची हलकी बॉडी वापरून ‘मायर्स मँक्स’ तयार केली. १९६२ साली कॅरोल शेल्बी यांनी एसी या इंग्लिश कंपनीच्या मोटारीत फोर्डचे मोठे इंजिन बसवले, तीच ‘कोब्रा’. मूळ कोब्रा मोजक्याच आहेत आणि त्यांची किंमत सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर आहे. म्हणूनच तिच्या प्रतिकृती जगभर बांधल्या गेल्या.

ज्या जुन्या मोटारीचे भाग या कामी घेतले जातात, तिला ‘डोनर’ मोटार म्हणतात. भंगारात जाणारी वस्तू पुन्हा कामी आणण्याची ही रीत आपल्याला परकी वाटू नये. चुल्लवग्गात उदेन राजा आनंदांना विचारतो की, इतकी नवी चीवरे मिळाली, तर जुन्यांचे काय करणार? आनंद उत्तर देतात की, जुन्या चीवरांची अंथरुणाची आच्छादने होतील, ती जीर्ण झाली की जमिनीवरच्या बैठका, मग पायपुसणी, मग धूळ झाडण्याची फडकी, आणि अखेरीस त्यांच्या चिंध्या मातीत कालवून जमीन सारवली जाईल. वस्तूच्या प्रत्येक अवस्थेचा विचार करणारी ही दृष्टी जुन्या मोटारीचे इंजिन काढून नव्या सांगाड्यात बसवणाऱ्यापाशीही असावी लागते.

निगेची पहिली पायरी : नोंदवही

कारखान्यातून आलेल्या मोटारीसोबत तिची पुस्तिका असते. कोणता भाग कोणत्या क्रमांकाचा, कोणते तेल किती, हे सर्व तिच्यात छापलेले असते. घरी जुळवलेल्या मोटारीला अशी पुस्तिका नसते. तिचे पुढचे ब्रेक एका मोटारीचे, रेडिएटर दुसरीचा, दिवे तिसरीचे आणि स्टिअरिंगची रॅक चौथीची असू शकते. ब्रेकचे पॅड झिजल्यावर दुकानदार विचारतो, “गाडी कोणती?” या प्रश्नाला अशा मोटारीच्या मालकाजवळ सरळ उत्तर नसते. प्रत्येक भागाचे मूळ माहीत असेल तरच योग्य वस्तू मिळते.

म्हणून जुळणीच्या पहिल्या दिवसापासून एक नोंदवही ठेवावी. प्रत्येक भाग कोणत्या मोटारीचा, कोणत्या साली बनलेला, कोठून घेतला, त्यावर कोणता क्रमांक होता, बोल्ट किती लांबीचा व कोणत्या दर्जाचा वापरला, तारांचे रंग कोणते, हे सर्व तीत लिहावे. शक्य तेथे छायाचित्रे चिकटवावीत. पत्रा बसल्यानंतर आतील नळ्या व तारा दिसत नाहीत, त्यामुळे पत्रा बसवण्यापूर्वीची छायाचित्रे पुढे फार मोलाची ठरतात. पुढे प्रत्येक दुरुस्तीची तारीख व मोटारीने कापलेले अंतरही त्याच वहीत यावे. मोटार दुसऱ्याच्या हाती गेली, तर ही वहीही तिच्याबरोबर गेली पाहिजे. तिच्यावाचून नवा मालक आंधळा असतो.

सांगाडा

सेव्हन पद्धतीच्या मोटारीचा सांगाडा साधारणतः २५ मिलिमीटर जाडीच्या चौकोनी पोलादी नळ्यांचा असतो व नळीच्या भिंतीची जाडी सुमारे दीड मिलिमीटर असते. अशा सांगाड्यात भार त्रिकोणांतून वाहिला जातो. त्रिकोण आपला आकार सोडत नाही, चौकोन मात्र तिरपा होतो, हे भूमितीचे तत्त्व येथे प्रत्यक्षात उतरते. म्हणून सांगाड्यातील एखादी तिरपी नळी अडचणीची वाटली तरी ती कापू नये. तिच्या जाण्याने शेजारच्या सांध्यांवरचा भार अनेक पटींनी वाढतो.

वर्षातून एकदा मोटार जॅकवर उचलावी, लोखंडी स्टँडवर भक्कम टेकवावी आणि खालून संपूर्ण सांगाडा धुऊन, पुसून, विजेरीच्या प्रकाशात पाहावा. नुसत्या जॅकच्या आधारावरील मोटारीखाली कोणीही कधीही जाऊ नये. या तपासणीत सस्पेन्शनच्या पट्ट्या जेथे सांगाड्याला जोडलेल्या असतात ती ठिकाणे, इंजिनाचे माउंट, मागील आसेच्या दांड्यांचे टोक आणि सीटबेल्टचे आधार हे चार भाग विशेष निरखावेत. भेग बहुधा वेल्डच्या कडेला सुरू होते. रंगावर केसासारखी बारीक रेघ आणि तिच्यातून उतरलेला गंजाचा तांबूस ओघळ ही तिची खूण असते. शंका असल्यास भेग शोधण्याचे रंगद्रव्य वापरावे. धातू स्वच्छ करून त्यावर लाल द्रव लावायचा, काही वेळाने तो पूर्ण पुसून वर पांढरा थर फवारायचा. भेग असल्यास आत शिरलेला लाल द्रव पांढऱ्या थरावर उमटतो.

भेगेवर वरवर वेल्डिंगचा थर चढवणे ही दुरुस्ती नव्हे. प्रथम भेगेच्या टोकाला बारीक भोक पाडावे, म्हणजे ती पुढे सरकत नाही. मग रंग व गंज काढून स्वच्छ धातू उघडा करावा, भेग खाच पाडून मोकळी करावी आणि नंतर वेल्डिंग करावे. वेल्डिंगपूर्वी बॅटरीची जोडणी सोडवावी, इंधनाची टाकी दूर न्यावी आणि जस्ताचा मुलामा असल्यास तो घासून काढावा, कारण त्याचा धूर अपायकारक असतो. तरीही मुख्य प्रश्न शिल्लक राहतो, तो म्हणजे भेग का पडली? एखादा बुश अडकला असेल, शॉक-अॅब्सॉर्बर तळाला आपटत असेल, किंवा तो आधार मुळातच एका बाजूने उघडा असेल. कारण न शोधता केलेला वेल्ड पुढील हंगामात पुन्हा तडकतो. दुःखाचे कारण शोधल्यावाचून त्याचा निरोध होत नाही, हे येथे वेगळे सांगण्याची गरज नाही.

पोलादी नळीवर अॅल्युमिनियमचा पत्रा रिव्हेटने बसवलेला असेल, तर आणखी एक दोष उद्भवतो. दोन भिन्न धातू ओलाव्यात एकमेकांना टेकले की त्यांच्यात बारीकसा विद्युत्प्रवाह सुरू होतो आणि अॅल्युमिनियम झिजू लागते. ब्रिटनमध्ये हिवाळ्यात बर्फ वितळवण्यासाठी रस्त्यावर मीठ टाकतात, त्यामुळे ही क्रिया अधिक जलद होते. रिव्हेटभोवती पांढरी भुकटी व रंगाला फोड दिसले, तर तेथील रिव्हेट ड्रिलने काढून, पत्रा उचलून, दोन्ही पृष्ठभाग स्वच्छ करावेत. नळीला रंग द्यावा, मध्ये सीलंटचा अखंड थर द्यावा आणि मगच नवे रिव्हेट मारावेत. आपल्या कोकण किनाऱ्यावरील खाऱ्या हवेत राहणाऱ्यांना हा अनुभव खिडक्या-दरवाजांच्या बाबतीत नित्याचा आहे.

नट-बोल्ट

नव्याने जुळवलेल्या मोटारीचे सांधे पहिल्या काही शे किलोमीटरांत बसतात. रंगाचा थर दबतो, वॉशर चेपतात, आणि बोल्टचा ताण कमी होतो. म्हणून पहिल्या दीडशे किलोमीटरांच्या आसपास एकदा आणि हजार किलोमीटरांच्या आत पुन्हा एकदा सर्व महत्त्वाचे बोल्ट टॉर्क पान्याने तपासावेत. नुसत्या हाताच्या अंदाजावर विसंबू नये. ८.८ दर्जाच्या, १० मिलिमीटर व्यासाच्या कोरड्या बोल्टला साधारणतः ४५ ते ५० न्यूटन-मीटर ताण लागतो. तेल लावलेल्या आट्यांना तितकाच जोर लावला, तर बोल्ट प्रत्यक्षात अधिक ताणला जातो. घट्ट केल्यानंतर नट आणि पट्टी यांवर मिळून रंगाची एक रेघ ओढावी. ती रेघ तुटलेली दिसली, की नट फिरला आहे हे पान्याशिवाय कळते.

नायलॉनची कडी असलेले नट सुरक्षेच्या जागी एकदा काढल्यावर पुन्हा वापरू नयेत. एक्झॉस्टजवळ ते मुळीच लावू नयेत, कारण सुमारे १२० अंश सेल्सिअसपुढे नायलॉनची पकड राहत नाही. तेथे संपूर्ण धातूचा लॉकनट हवा. तसेच सस्पेन्शनच्या पट्टीतून जाणाऱ्या बोल्टचा गुळगुळीत भागच पट्टीच्या भोकात बसला पाहिजे. आट्या भोकात आल्या, तर त्या पट्टीला कानशीसारख्या घासतात आणि भोक लांबट होते.

रबरी बुश असलेल्या सांध्याचा बोल्ट मोटार हवेत उचललेली असताना अखेरचा घट्ट करू नये. मोटार चाकांवर उभी करून, तिचे वजन पडल्यावर तो घट्ट करावा. अन्यथा मोटार खाली येताच रबर पिळले जाते आणि थोड्याच काळात फाटते.

ब्रेक

ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषून घेते. डॉट-४ दर्जाच्या नव्या ऑइलचा उत्कलनबिंदू किमान २३० अंश सेल्सिअस असावा लागतो, तर ओलावा शोषल्यानंतरची किमान मर्यादा १५५ अंश आहे. घाट उतरताना ब्रेक तापून ऑइलला उकळी फुटली, तर नळीत वाफ होते. वाफ दाबली जाते, त्यामुळे पेडल तळाला जाते आणि मोटार थांबत नाही. म्हणून मोटार किती चालली याकडे न पाहता दर दोन वर्षांनी ऑइल बदलावे. हौसेच्या मोटारी वर्षातून थोड्याच दिवस बाहेर निघतात, म्हणून त्यांच्या बाबतीत हा नियम सर्वाधिक मोडला जातो. ब्रेकची हवा काढताना सामान्यतः मास्टर सिलिंडरपासून सर्वांत दूरच्या चाकापासून प्रारंभ करावा आणि ऑइलची टाकी मध्येच रिकामी होऊ देऊ नये.

याहून सूक्ष्म असा एक मुद्दा आहे. जुनी एस्कॉर्ट ही बंद, चार आसनांची मोटार होती. तिचे भाग वापरून बनलेली सेव्हन पद्धतीची मोटार बहुधा ५०० ते ६०० किलोच भरते, आणि तिचे इंजिनही मागे सरकवून बसवलेले असते. वजन बदलले, वजनाची पुढे-मागे वाटणी बदलली, तरी ब्रेक मात्र जुन्याच प्रमाणात लागतात. जोरात ब्रेक लावल्यावर मागील चाके आधी अडकली, तर मोटार गर्रकन फिरते. पुढील चाके आधी अडकली, तर ती निदान सरळ राहते. म्हणून ब्रेकचा कोणताही भाग बदलल्यानंतर मोकळ्या, खासगी मैदानावर, कमी वेगात, माहितगार माणसाच्या उपस्थितीत ही गोष्ट पडताळून पाहिल्याखेरीज मोटार रस्त्यावर नेऊ नये.

टायरच्या हवेलाही हेच लागू पडते. डोनर मोटारीच्या पुस्तिकेतील हवेचा आकडा अर्ध्या वजनाच्या मोटारीला चालत नाही. तितक्या हवेने टायर मध्यभागीच टेकतो व पकड कमी होते. केटरहॅमसारख्या हलक्या मोटारींत १८ ते २० पीएसआय इतकीच हवा बहुधा पुरते. शिवाय अशा मोटारीचा टायर झिजण्यापूर्वीच म्हातारा होतो. टायरच्या बाजूवर चार आकडे कोरलेले असतात. उदाहरणार्थ, २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. नक्षी नवी दिसत असली, तरी रबर कडक होऊन बाजूला बारीक भेगा पडल्या असल्यास तो टायर टाकून द्यावा.

विजेची जोडणी

घरी जुळवलेल्या मोटारींत विजेच्या ज्या तक्रारी उद्भवतात, त्यांतील फार मोठा वाटा अर्थिंगचा असतो. कारखान्याच्या मोटारीत पोलादी बॉडी हीच बॅटरीच्या ऋण टोकाकडे जाणारी परतीची वाट असते. फायबरच्या बॉडीतून वीज वाहत नाही. म्हणून प्रत्येक दिव्यापासून सांगाड्यापर्यंत स्वतंत्र तार न्यावी लागते. सांगाड्यालाही पावडर कोटिंगचा जाड थर असतो, तोही विजेला अडवतो. तारेचा सांधा बसतो तेथे कोटिंग खरवडून धातू उघडा करावा, तार घट्ट बसवावी आणि वरून ग्रीस किंवा रंग लावून ओलावा रोखावा.

ब्रेक दाबला की इंडिकेटरचा दिवा मंद पेटतो, असा विचित्र प्रकार आढळल्यास बल्ब वा स्विच बदलण्याची घाई करू नये. मागील दिव्यांची सामाईक अर्थिंगची तार सैल झाली, की विजेला परतीचा मार्ग मिळत नाही आणि ती शेजारच्या बल्बमधून वाट काढते. खात्री करण्यासाठी दिवा चालू ठेवून मल्टिमीटरचे एक टोक बॅटरीच्या ऋण टोकाला व दुसरे दिव्याच्या अर्थिंगच्या सांध्याला लावावे. आकडा शून्याच्या जवळपास हवा. तो ०.२ व्होल्टहून अधिक आला, तर दोष त्या वाटेत आहे. पाच मिनिटांची ही चाचणी न केल्यामुळे चांगले भाग उगाच फेकले जातात. निरीक्षण आधी, निष्कर्ष नंतर, हा कालामांना केलेला उपदेश गॅरेजातही तितकाच लागू आहे.

फायबरची बॉडी

प्रतिकृतींची बॉडी बहुधा काचतंतू व पॉलिस्टर रेझिन यांची असते. तिला गंज चढत नाही, पण धक्का बसल्यास वरच्या जेलकोटवर चांदणीसारख्या भेगा उमटतात. अशी चांदणी बहुधा आतून बसलेल्या धक्क्याची किंवा अतिघट्ट बोल्टची खूण असते. वरून पुट्टी भरून रंग दिला, तर काही महिन्यांत तीच चांदणी पुन्हा दिसू लागते. योग्य रीत अशी की, आतील बाजू घासून, भेगेभोवतीचा भाग हळूहळू उतरता करावा, त्यावर काचतंतूंच्या चटईचे थर लहानापासून मोठ्यापर्यंत रेझिनमध्ये भिजवून बसवावेत, रोलरने हवेचे बुडबुडे काढावेत आणि पूर्ण वाळल्यानंतरच बाहेरील बाजूकडे वळावे. हार्डनरचे प्रमाण रेझिनच्या साधारणतः १ ते २ टक्के असते. अधिक घातल्यास रेझिन तापून तडकते, फार कमी घातल्यास चिकटच राहते. पावसाळी, दमट हवेत हे काम टाळावे. हार्डनर डोळ्यांत गेल्यास कायमची इजा होऊ शकते. चष्मा, हातमोजे आणि धुळीचा मास्क यांवाचून या कामाला हात लावू नये. हार्डनर आणि कोबाल्टचा अॅक्सिलरेटर हे दोन्ही द्रव एकमेकांत थेट मिसळल्यास स्फोट होतो, हे कोणी कधीही विसरू नये.

परीक्षा आणि सचोटी

ब्रिटनमध्ये घरी बांधलेली मोटार रस्त्यावर आणण्यापूर्वी तिची सरकारी तपासणी होते. १९९८ पासून एका पद्धतीने आणि २००९ पासून ‘आयव्हीए’ या नावाने ती घेतली जाते. ब्रेक, दिवे, सीटबेल्टचे आधार, धूर, आवाज, एवढेच नव्हे, तर पादचाऱ्याला लागू शकतील अशा बाहेरील कडा पुरेशा गोलाकार आहेत की नाहीत, हेही पाहिले जाते. पुढे तीन वर्षांहून जुन्या मोटारींची दरवर्षी तपासणी होतेच. परंतु काही जण तपासणीपुरत्या कडांवर रबरी पट्ट्या बसवतात आणि प्रमाणपत्र मिळताच काढून टाकतात. परीक्षेपुरता अभ्यास करणारा विद्यार्थी स्वतःचेच नुकसान करतो. येथे मात्र नुकसान रस्त्यावरून जाणाऱ्या अनोळखी माणसाचे होते.

नागसेनांचा प्रश्न तेथील नोंदणी कार्यालयापुढेही उभा राहिला. अनेक भाग बदललेली मोटार जुनीच मानावी की नवी? त्यासाठी अनेक वर्षे गुणांची एक पद्धत वापरली गेली. सांगाड्याला ५ गुण, सस्पेन्शन, आसा, गिअरची यंत्रणा व स्टिअरिंग यांना प्रत्येकी २, आणि इंजिनाला केवळ १, असे एकूण १४ गुण. त्यांपैकी किमान ८ मिळाले, तर मोटारीचा जुना क्रमांक टिके. ज्या मोटारीचे वय वा मूळ निश्चित करता येत नाही, तिला ‘क्यू’ अक्षराने सुरू होणारा क्रमांक दिला जातो. म्हणजे नाव ही व्यवहारासाठी मान्य केलेली संज्ञा आहे, हे तेथील कारकुनानेही एका अर्थी मान्य केले. परंतु संज्ञा व्यावहारिक असली, तरी ती खोटी असून चालत नाही. कोब्राची प्रतिकृती मूळ कोब्रा म्हणून विकणे, भेग बुजवून रंग देऊन ग्राहकापासून ती लपवणे, हे पंचशीलातील चौथ्या शीलाचे उल्लंघन आहे. प्रतिकृतीला प्रतिकृती म्हणण्यात कमीपणा नाही. उलट, ती कोणी, कशी, कोणत्या भागांतून बांधली, हे सांगण्यातच तिचे मोल आहे.

आपल्यासाठी बोध

भारतात असा मार्ग उपलब्ध नाही. मोटार वाहन अधिनियम १९८८ च्या कलम ५२ नुसार वाहनात उत्पादकाच्या मूळ तपशिलाशी विसंगत असे फेरबदल करण्यास मनाई आहे, आणि २०१९ साली सर्वोच्च न्यायालयानेही ही भूमिका स्पष्ट केली. तेव्हा कोणा उत्साही तरुणाने घरी मोटार जुळवून रस्त्यावर आणण्याचा बेत करू नये. परंतु ही विद्या शिकण्याची दारे बंद नाहीत. २००७ पासून होणाऱ्या ‘बाहा एसएई इंडिया’ स्पर्धेत अभियांत्रिकीचे विद्यार्थी नळ्यांचा सांगाडा स्वतः जुळवून एकआसनी वाहन बांधतात, आणि त्यात महाराष्ट्रातील महाविद्यालयांचे संघही उतरतात. तेथवर पोहोचण्याआधी सायकल, शिलाई मशीन, पाण्याचा पंप, शाळेचे जनरेटर, घरची दुचाकी यांपैकी कोणतीही वस्तू याच पद्धतीने अभ्यासता येते.

बाबासाहेबांनी १९३६ साली जातिव्यवस्थेविषयी लिहिताना दाखवून दिले की, ती केवळ श्रमाची विभागणी नसून श्रमिकांचीच उतरंडीत केलेली विभागणी आहे. लोखंड झाळणारा एक, चामडे शिवणारा दुसरा, रंग देणारा तिसरा आणि हिशेब लिहिणारा चौथा, अशा भिंती या देशात जन्माने उभ्या केल्या गेल्या आणि हाताने काम करणाऱ्याला खालचा दर्जा दिला गेला. घरी मोटार जुळवणारा माणूस एकाच आठवड्यात वेल्डर, सुतार, विजेचा कारागीर, आसने शिवणारा आणि लेखनिक होतो. त्याचे एक काम दुसऱ्याहून हलके ठरत नाही, कारण त्यांपैकी कोणतेही काम चुकले तरी मोटार थांबते. आपल्या वसतिगृहातील मुलामुलींनी पुस्तकाबरोबर पानाही हाती धरावा, असे सुचवताना मनात हाच विचार आहे. हातकाम ही बापजाद्यांच्या माथी मारलेली सक्ती होती, म्हणून आज ते टाळावे, असे अनेक पालकांना वाटते, आणि त्यांच्या अनुभवाकडे पाहता ते स्वाभाविकही आहे. परंतु सक्तीने केलेले काम आणि समजून, मोजून, नोंद ठेवून केलेले काम यांत मूलभूत फरक आहे. दुसरे काम विज्ञान आहे.

यास्तव एक अल्पशी सूचना करावीशी वाटते. शाळेच्या प्रत्येक यंत्राची आणि वाहनाची एक नोंदवही असावी आणि ती आठवी-नववीच्या विद्यार्थ्यांनी आळीपाळीने सांभाळावी. ऑइल केव्हा बदलले, टायरवरील आकडा कोणता, कोणत्या बोल्टवरील रेघ तुटली, काल जो आवाज नव्हता तो आज कोठून येतो, हे त्यांनी स्वतः पाहून लिहावे आणि वरिष्ठांनी तपासून स्वाक्षरी करावी. माजी विद्यार्थ्यांपैकी जे फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर वा अभियंते आहेत, त्यांनी वर्षातून एक दिवस येऊन मुलांसमवेत ही वही वाचावी. सर्व संस्कार नाशवंत आहेत, म्हणून अप्रमादाने वागा, असा तथागतांचा अखेरचा उपदेश आहे. ज्या बसमधून आपली मुले सहलीला जातात, तिच्या ब्रेकच्या बाबतीत त्याचा अर्थ मुलांना त्या वहीतून आपोआप उमगेल.